एक दिवस आधी टोचलेली रोपं

सुईमावशीला राग आला की तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे, हात मात्र दुप्पट चालत. त्या सोमवारी सकाळी तिने काचघरातल्या एकूणएक रिकाम्या कुंड्या घासून काढल्या. निम्म्या आधीच लख्ख होत्या, पण ते तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. शेजारच्या खोलीतला बुरशीदादा दारातून डोकावला, कुंड्या आपटल्याचा आवाज ऐकला आणि आल्या पावली परत गेला.

राग साहेबांवर होता, दादावर होता, घरी अजूनही सुजलेला गाल धरून बसलेल्या नवऱ्यावरही होता. पण सगळ्यांच्या वरचा राग तिचा स्वतःवरच होता. त्याला वाट कुठून द्यावी ते समजत नव्हतं, म्हणून कुंड्यांवर पाळी आली.

तिचं काम एका वाक्यात सांगून होण्यासारखं. सोयाबीनच्या संशोधन केंद्रात ती रोपांना सुई टोचायची. नवं वाण तयार झालं की ते मूळकुजीला टिकतं का, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी आठवड्याभराचं रोप घ्यायचं, पहिल्या दोन जाड पानांच्या खाली कोवळ्या खोडाला सुईने बारीक चीर द्यायची आणि त्या चिरेत मूळकुजीची बुरशी भरायची. ती बुरशी दादा काचेच्या प्लेटमध्ये वाढवून द्यायचा. मग सहा दिवसांनी मोजायचं, किती उभी आणि किती आडवी. सत्तावीस वर्षं ती हेच करत आली होती. साहेब आले आणि गेले, सुई तीच. तिचं खरं नाव पगाराच्या यादीत तेवढं उरलं होतं.

नवरा शिंपी. गिऱ्हाईक बसलं की तो हटकून सांगायचा, "आमच्या घरी दोघांचंही पोट सुईवरच. फरक एवढाच, मी टोचून जोडतो, आणि ही टोचून बसते बघत, मरतंय का जगतंय."

त्यावर ती म्हणायची, "तुमचं कापड ओरडत नाही म्हणून बरं आहे."

"तुझी रोपं ओरडतात?"

"ओरडतात. ऐकू येत नाही एवढंच."

हे ती थट्टेने म्हणत नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिने तेव्हाच्या मॅडमना विचारलं होतं, "मेलेलं रोप का मेलं ते समजलं. पण हे शेजारचं जगलं कसं?" इतर मदतनीसांना असले प्रश्न पडत नसत. मॅडमनी तिच्या हातात भिंग दिलं आणि चीर दाखवली. चिरेच्या कडेने तांबूस-तपकिरी रंगाचं एक कडं धरलं होतं, जणू कुणी गंजलेल्या टाचणीने गिरवलंय.

"सोयाबीनच्या अंगात आयसोफ्लॅवोन नावाचं द्रव्य असतं," मॅडम म्हणाल्या. "बियांत असतं, मुळांत असतं. मुळातून ते थोडं थोडं मातीत सोडत राहतं. ती त्याची हाक. ती ऐकून चांगले जिवाणू येतात, मुळांवर गाठी करून राहतात आणि झाडाला नत्र पुरवतात. पण हाक ती हाक. मूळकुजीची बुरशीही तीच ऐकून ओल्या मातीतून पोहत येते."

"मग गप्प बसावं की त्याने."

"गप्प बसलं तर उपाशी राहील. म्हणून ते हाक बंद करत नाही, घरात औषध तयार ठेवतं. जखम झाली की त्याच आयसोफ्लॅवोनपासून बुरशीला जाळणारं औषध बनतं. हे कडं दिसतंय ना, तेच. अशक्त वाणालाही ते बनवता येतं, पण उशिरा. तगडं वाण वेळेत बनवतं. सगळा खेळ काही तासांचा आहे." आणि भिंग परत घेताना त्यांनी बजावलं, "म्हणून टोचलं की त्याच मिनिटाला भरायचं. आज टोचून उद्या बुरशी घातली, तर मरतुकडं रोपसुद्धा दाराला कडी लावून बसलेलं असतं. तिला चाचणी म्हणत नाहीत. ती आगाऊ वर्दी झाली."

मावशीने ते मनात कोरून ठेवलं. देवाने दोन हात दिले, त्यांनी काय करायचं ते मॅडमनी दिलं, असं ती म्हणायची. त्याच वर्षी मॅडम तिला एका सखल शेतावर घेऊन गेल्या होत्या. तिथे चार दिवस पाणी साचलं होतं. एक बाई ओळीने झाडं उपटत चालली होती. उपटत कसली, नुसतं बोट लावलं की झाड हातात येत होतं. मुळं भिजल्या दोऱ्यासारखी मागेच राहत होती. ती बाई रडत नव्हती की बोलत नव्हती. एकेक झाड बघून बांधावर टाकत होती, पुढचं उपटत होती. त्या रात्री सुईमावशीला जेवण गेलं नाही.

आणि सत्तावीस वर्षांनी तिच्याच हातून ते घडलं.

त्या शनिवारी नवऱ्याची दाढ काढायची होती. बाराची वेळ मिळाली होती. मोठा धीराचा माणूस, पण दाताच्या डॉक्टरपुढे एकटा बसायला तयार नाही. सकाळी सहा ट्रे मांडलेले होते. एक अशक्त वाणाचा, जो मरायलाच हवा. एक तगड्या वाणाचा, जो जगायलाच हवा. आणि चार त्या नव्या वाणाचे, ज्याच्यावर साहेबांचा जीव जडला होता. एरवी मावशी एक रोप टोचायची, भरायची, मग दुसऱ्याला हात घालायची. त्या दिवशी तिने घड्याळाकडे पाहिलं आणि सगळी रोपं एकदम टोचून घेतली. मग ओळीने भरत जाऊ, अर्धा तास वाचेल. पहिले दोन ट्रे, अशक्त आणि तगडा, भरून झाले आणि दादा दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, प्लेट संपल्या."

"संपल्या म्हणजे?"

"तीन प्लेटना भलतीच बुरशी धरली. टाकल्या मी. नव्या उद्या वापरण्याजोग्या होतील. आता सोमवारीच भरा."

सोमवारी म्हणजे दोन दिवस. तेवढं थांबणं तिच्या मनाला पटेना. दाढ निघाली, नवऱ्याला घरी निजवलं आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळची प्रार्थना अर्धी सोडून ती केंद्रात गेली. दादाकडून त्याच्या खोलीची किल्ली तिने आदल्या दिवशीच मागून घेतली होती. तिने चारही ट्रे भरले. हे विशेष, की भरताना तिला चिरांच्या कडेला तो तांबूस रंग दिसला होता. तिने पाहिला आणि हात पुढे चालवला. रविवार असून आपण आलो, याचंच तिला मनातून कौतुक वाटत होतं. डोळ्यांवर झापड कशी पडते, तर ती अशी.

पुढच्या शनिवारी मोजणी झाली. अशक्त वाणाची बत्तीसपैकी एकतीस रोपं आडवी, तगड्याची तीस उभी. नव्या वाणाची एकशे अठ्ठावीसपैकी एकशे एकोणीस उभी. साहेब काचघरातच टाळी वाजवून म्हणाले, "मावशी, तुमच्या हाताला यश आहे." तिने सवयीने रजिस्टरवर सही केली. सगळे गेल्यावर सवयीनेच भिंग काढून एका चिरेवर धरलं. कडं जाड होतं, काळपट. बुरशी आत शिरायच्या आधीच बांधून झालेलं कडं.

ती तशीच साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, ही मोजणी खोटी आहे. चूक माझी आहे. मी आदल्या दिवशी टोचून ठेवली होती."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"अशक्त ट्रे मेला ना?"

"मेला. तो त्याच दिवशी भरला होता."

"मग चाचणी नियमात बसते. तुलनेचा कंट्रोल ट्रे मेला की चाचणी वैध."

"कागदावर बसते साहेब. रोपात बसत नाही."

"मावशी," साहेब हसून म्हणाले, "किती वर्षं झाली तुमची? चार महिन्यांनी निवृत्ती. एवढ्या वर्षांत एक डाग नाही. आता शेवटी कशाला लावून घेताय? तुमची काही चूक नाही. तुम्ही दमला आहात. दोन दिवस रजा घ्या."

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तिने त्या खुर्चीत बसल्या बसल्या अनुभवली. चूक तिची. ती स्वतःच्या पायांनी चालत येऊन सांगत होती. आणि हा माणूस लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घ्यावी तशी ती चूक तिच्या हातातून काढून घेत होता. तीन आठवड्यांनी बियाणे समितीची बैठक. तिथे होकार मिळाला की ते बी पोत्यांनी सखल शेतांत जाणार.

"पुन्हा चाचणी लावते," ती म्हणाली.

"समितीच्या आधी नवीन काही लावायचं नाही," साहेब म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत.

म्हणून सोमवारी त्या कुंड्या घासल्या गेल्या.

घासून झाल्यावर तिने हात पुसले, रजिस्टर उघडलं आणि आपल्या सहीच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'नव्या वाणाचे चार ट्रे शनिवारी टोचले, रविवारी भरले. घाई माझी. प्लेट कमी पडल्या होत्या. ही मोजणी धरू नये.' खाली तारीख आणि पुन्हा सही.

दादाने ते वाचलं आणि त्याचं पित्त खवळलं.

"प्लेट कमी पडल्या हे कशाला लिहिलंस? माझं नाव कशाला ओढतेस यात?"

"तुझं नाव कुठे आहे?"

"प्लेट काय शिपाई वाढवतो? सगळ्यांना माहीत आहे कोण वाढवतो ते."

"मग सगळ्यांना माहीतच आहे तर लिहिल्याने काय बिघडलं?"

"तुला मोठं व्हायचंय जाता जाता. साधू व्हायचंय. हो. आम्हाला अजून सहा वर्षं काढायची आहेत इथे."

"माझी घाई वर लिहिली आहे, तुझ्या प्लेट खाली," ती म्हणाली. "अजून काय करू? तुला झाकून मी काय रविवारपर्यंत नुसती थांबले असं लिहू? लोक विचारतील, बाई उगाच का बसली होती."

"आजपासून माझ्याशी बोलू नकोस."

"बरं. पण पुढच्या मंगळवारी मला दोन प्लेट लागतील त्या दे, आणि मग बोलू नकोस."

त्याने पाठ फिरवली. त्या रात्री घरी नवऱ्याने गालावर शेक घेत सगळं ऐकलं आणि विचारलं, "रजिस्टरात माझ्या दाढेचं पण लिहिलंस का?"

"नाही."

"लिही की. 'नवऱ्याच्या दाढेमुळे.' केंद्रात कायमची नोंद राहील माझी."

तिला हसू आलं नाही. "तुम्ही एकटे बसला असता डॉक्टरपुढे, तर हे झालं नसतं."

त्याने शेकायची पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "हे मात्र खरं आहे." त्याने कबूल केल्यावर तिला आणखीच चीड आली, कारण आता त्याच्याशीही भांडता येईना. आपल्या घरात चूक कबूल करणं एवढं सोपं, आणि तिकडे ती कुणी घ्यायलाच तयार नाही. ती उठून भांडी लावायला गेली आणि देवाला मनातल्या मनात म्हणाली, तू तरी घे, त्यांना नकोय.

पण देवाला सांगून बी थांबणार नव्हतं. चाचणीसाठी मिळालेल्या पाकिटात तीस दाणे उरले होते. ते तिने गोदामातून मागितलेही नव्हते, चोरलेही नव्हते, तिच्या टेबलावरच होते. कुंड्या घासलेल्या होत्याच. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, तिने दोन मोठ्या कुंड्यांत पंधरा-पंधरा दाणे पेरले आणि दोन्हींवर चिठ्ठी लावली. एकीवर 'आज टोचून आज', दुसरीवर 'काल टोचून आज'. खाली आपलं नाव. लपवाछपवी तिला जमली नसती आणि करायचीही नव्हती. काचघरात शिरताना समोरच दिसेल अशा ठिकाणी तिने त्या ठेवल्या.

पुढच्या सोमवारी तिने दुसऱ्या कुंडीतली पंधरा रोपं टोचली आणि तशीच ठेवली. मंगळवारी पहिल्या कुंडीतली टोचली. आता प्लेट हव्या होत्या. ती दादाच्या खोलीच्या दारात उभी राहिली. तो पाठ करून बाटल्या धूत होता. ती काही बोलली नाही. ठरलंच होतं बोलायचं नाही. बऱ्याच बाटल्या धुऊन झाल्यावर त्याने मागे न बघता हात लांब केला, कपाटातून दोन प्लेट काढल्या आणि टेबलाच्या कडेला सरकवल्या. चांगल्या वाढलेल्या, कडेपर्यंत पांढऱ्या.

"भलतं काही धरलेलं नाही यांना," तो बाटलीशी बोलल्यासारखा म्हणाला.

तिने दोन्ही कुंड्या एकाच तासात भरल्या. बुधवारी साहेबांना त्या दिसल्या.

"हे काय आहे?"

"तीस दाणे, साहेब."

"मी नाही म्हटलं होतं. उचला हे."

"तुम्ही उचला. मी लावलंय, मी मारणार नाही. ज्याला मारायचंय त्याने आपल्या हाताने मारावं आणि रजिस्टरात लिहावं, मी मारलं म्हणून."

साहेबांनी कुंडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. साहेबांच्या हाताला माती लागल्याचं गेल्या तीन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. ते निघून गेले. संध्याकाळी नोटीस आली: 'वरिष्ठांच्या आदेशाविरुद्ध वर्तन.' तिने ती घडी घालून चष्म्याच्या डब्यात ठेवली.

सोमवारी पहिल्या कुंडीत तेरा रोपं आडवी होती. खोडं जमिनीपासून वर तपकिरी, मऊ, बोट लावलं की हातात येणारी. दुसऱ्या कुंडीत बारा उभी. एकाच पाकिटातली भावंडं. फरक फक्त एका दिवसाचा. मावशी स्टूलावर बसून बराच वेळ त्या दोन कुंड्यांकडे बघत राहिली. आपण खरे ठरलो म्हणून कुणाला आनंद होत असेल, तर तिला झाला नाही. ती मेलेली तेरा रोपं तिला एकशे एकोणीस दिसत होती आणि एकशे एकोणीसच्या मागे ओळीच्या ओळी.

गुरुवारी समिती बसली. मावशीला बोलावणं नव्हतं. पण समितीपुढे रजिस्टर ठेवावं लागतं, आणि रजिस्टरची पानं आकडे घातलेली असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही. दुपारी शिपाई तिला बोलवायला धावत आला. तिने दोन कुंड्या दोन काखांत घेतल्या आणि निघाली. दाराशी दादाने न बोलता एक कुंडी तिच्या हातातून काढून घेतली.

समितीत चार पुरुष आणि एक बाई होती. बाई पिढीजात बियाणं पिकवणारी, नखांत माती अडकलेली. तिने रजिस्टरवर बोट ठेवलं. "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

साहेब मध्येच म्हणाले, "मावशींना अलीकडे जरा थकवा..."

"मला थकवा नाही. मला राग आहे," मावशी म्हणाली. "साहेब, थकवा वेगळा आणि राग वेगळा. सत्तावीस वर्षांत मी एक चूक केली. ती तुम्ही मला कबूलही करू देत नाही. चूक माझ्याकडून घ्यायची नाही, आणि बी मात्र लोकांकडे पाठवायचं. हे कुठलं?"

तिने कुंड्या टेबलावर ठेवल्या. कागदांवर माती सांडली. चिठ्ठ्या वाचून बाईने पहिल्या कुंडीतलं एक रोप दोन बोटांनी धरलं. ते ओढावंच लागलं नाही. मूळ मागे राहिलं. बाईने ते रोप शेजारच्याकडे दिलं, त्याने पुढच्याकडे, असं करत ते साहेबांपर्यंत गेलं. साहेबांनी ते घेतलं नाही, म्हणून ते त्यांच्या फाइलवरच पडलं.

"या दुसऱ्या कुंडीतली का जगली?" एकाने विचारलं.

"त्यांना आदल्या दिवशी कळवलं होतं," मावशी म्हणाली. मग तिला वाटलं नीट सांगावं. "जखम झाली की रोप स्वतःच्याच आयसोफ्लॅवोनचं औषध करतं. याला एक दिवस जास्त मिळाला. शेतात बुरशी आधी सांगून येत नाही."

समितीने वाण एक वर्ष थांबवलं. पुन्हा चाचणी लागेल, त्याच मिनिटाला भरून, आणि पाणी साचणाऱ्या जमिनीतही. साहेब त्या दिवसापासून तिच्याशी फक्त कागदाने बोलू लागले.

महिन्याभराने तिच्या नावाचं पत्र आलं. कचेरीतल्या कारकुनाने ते हसत हसत दिलं, कारण आता प्रकरण मिटलं असं त्याला वाटत होतं. मावशीने उभ्या उभ्या वाचलं. 'सदर कर्मचाऱ्याकडून चाचणीदरम्यान किरकोळ हलगर्जी झाली, तथापि प्रदीर्घ सेवा लक्षात घेता...'

तिने पत्र परत कारकुनाच्या टेबलावर ठेवलं.

"काय झालं मावशी? काही शिक्षा नाही त्यात. वाचा की पुढे, माफ केलंय."

"ते 'किरकोळ' काढा."

"अहो, तुमच्याच भल्याचं आहे ते."

"एकशे एकोणीस रोपं. ती बी होऊन पोत्यांत गेली असती. किरकोळ कसं? ज्याने हे लिहिलं, त्याला त्या बाईचं शेत दाखवा."

"कुठली बाई?"

"आहे एक. सत्तावीस वर्षांपूर्वीची. काढा ते."

कारकुनाने पत्र पुन्हा तिच्याकडे सरकवलं. तिच्या मागे रांगेत दोन माणसं उभी होती, त्यांनी घड्याळात पाहिलं. मावशी जागची हलली नाही. शेवटी त्याने सुस्कारा सोडला, पत्र पुन्हा संगणकात उघडलं, तो एक शब्द काढला आणि नवी प्रत तिच्यापुढे ठेवली.

"आता?"

"आता ठीक आहे," ती म्हणाली आणि सही करायला पेन मागितलं.